मुंबईतील जॅझ व नृत्यसंगीताची स्थळे

पाश्चात्त्य धर्तीचे नृत्यसंगीत व जॅझ यांचे प्रत्यक्ष वादन जेथे नियमितपणे होत असे, अशी मुंबईतील हॉटेले व उपाहारगृहे. सु. १९३५ ते १९७५ हा त्यांच्या भरभराटीचा काळ असून ती मुख्यत्वे अपोलो बंदर व चर्चगेट या परिसरांत एकवटली होती. त्यांचा इतिहास केवळ नागरी करमणुकीचा नाही; गोमंतकीय वादकांचे स्थलांतर, राज्याचे मद्यविषयक धोरण व हिंदी चित्रपटसंगीताची घडण या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात नृत्याचे समारंभ यूरोपीयांच्या क्लबांमध्ये होत. भायखळा क्लब, बॉम्बे जिमखाना इ. संस्थांत हिंदी लोकांना सभासदत्व नव्हते. १९०३ मध्ये जमशेटजी टाटा यांनी उघडलेल्या ताजमहाल हॉटेलात मात्र वंशापेक्षा ऐपतीला महत्त्व होते. संस्थानिक, पारशी व्यापारी आणि यूरोपीय अधिकारी एकाच नृत्यगृहात येऊ लागले. १९३५ मध्ये लीऑन ॲबी या आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद ताजमध्ये आला. त्यापाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांचे वादन तेथे झाले. स्वदेशात वर्णभेद सोसणाऱ्या या कलावंतांना येथे मानाचे स्थान मिळाले आणि त्यांच्या सहवासात स्थानिक वादकांना जॅझचे प्रत्यक्ष शिक्षण लाभले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वाद्यवृंदांची सूत्रे स्थानिकांकडे आली. मिकी कोरिया यांच्या वाद्यवृंदाने सु. वीस वर्षे ताजमध्ये वादन केले. केन मॅक, पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन व ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (मूळ नाव आंतोनियो शाव्हियेर वाझ, १९१६–६७) हे या काळातील अन्य प्रमुख कलावंत होत. ताजशेजारचे ग्रीन्स हॉटेलही नृत्यसंगीतासाठी प्रसिद्ध होते. त्याच्या जागी १९७३ मध्ये ताजची मनोऱ्याची नवी इमारत उभी राहिली.

या वादकांमध्ये गोमंतकीय ख्रिस्ती बहुसंख्य होते. गोव्यातील चर्चशी संलग्न असलेल्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन व वाद्यवादन शिकविले जाई. पोर्तुगीज राजवटीत चरितार्थाची साधने तुटपुंजी असल्याने हे कौशल्य घेऊन ते मुंबईस येत. धोबी तलाव भागात गावोगावच्या मंडळींनी चालविलेल्या ‘कूड’ नामक वसतिगृहांत त्यांना अल्प खर्चात आसरा मिळे. अशा दाटीच्या खोल्यांत राहणारा वादक रात्री उंची पोशाख करून धनिकांच्या नृत्यासाठी वाजवीत असे. कलेमुळे त्याला त्या दालनात प्रवेश होता. पण तेथील पाहुण्यांच्या पंक्तीत त्याचे स्थान नव्हते.

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी लागू झाली. मद्यविक्रीच्या उत्पन्नावर वाद्यवृंद पोसणाऱ्या हॉटेलांना त्याचा फटका बसला. वादकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाचा आधार होता. बहुतेक हिंदी संगीतकारांना पाश्चात्त्य स्वरलेखन अवगत नव्हते. त्यामुळे चाल कागदावर उतरवून तिची वाद्यवृंदासाठी मांडणी करण्याचे काम गोमंतकीय वादकांकडे आले. सी. रामचंद्र व चिक चॉकलेट यांचे सहकार्य हे याचे ठळक उदाहरण होय. भगवान यांच्या ⇨अलबेला⇦ (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट पडद्यावरही दिसतात. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा व अँथनी गोन्साल्विस यांनी वाद्यवृंदरचनेत मोलाची भर घातली. परंतु चित्रपटांच्या श्रेयनामावलीत अशा कलावंतांचा निर्देश बहुधा साहाय्यक म्हणून होई, किंवा होतही नसे.

साठोत्तरी काळात दारूबंदी शिथिल झाली आणि चर्चगेट स्ट्रीट (वीर नरिमन मार्ग) हा प्रत्यक्ष वादनाचा प्रमुख रस्ता बनला. ॲम्बॅसडर हॉटेलात टोनी पिंटो यांचे, तर ॲस्टोरिया हॉटेलमधील व्हेनिस या उपाहारगृहात क्रिस पेरी यांचे वादन व लोर्ना यांचे गायन होत असे. पेरी व लोर्ना यांनी जॅझची लय कोकणी गीतांत आणली. डेव्ह ब्रूबेक (१९५८) आणि ड्यूक एलिंग्टन (१९६३) यांचे मुंबईतील कार्यक्रमही याच काळातले.

१९७० नंतर ध्वनिमुद्रित संगीतावर चालणारी डिस्कोथेक आली. आठदहा वादकांच्या वेतनापेक्षा तबकड्यांचा खर्च कमी होता. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. पण महोत्सवामुळे वादकाला रोजचे काम मिळत नाही. पुढे ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रुग्णालये, शाळा व न्यायालये यांभोवतीचा १०० मी. परिसर शांतता क्षेत्र ठरला. त्यामुळे रुग्णालये व महाविद्यालय जवळ असलेल्या रंगभवनातील संगीतही थांबले. लोअर परळच्या गिरणी आवारात २००७ मध्ये निघालेला ब्लू फ्रॉग हा क्लब २०१६ मध्ये बंद पडला.

या स्थळांतील बहुतेक वादन ध्वनिमुद्रित झाले नाही. नृत्य संपताच ते विरून गेले. नरेश फर्नांडिस यांचा ताजमहाल फॉक्सट्रॉट (२०१२) हा ग्रंथ व नाचुंया कुंपासार हा कोकणी चित्रपट यांमुळे त्याचे स्मरण पुन्हा जागे झाले. तथापि त्या वादनाचा सर्वांत विस्तृत ठेवा जुन्या हिंदी चित्रपटगीतांतच सापडतो. त्या गीतांतील ट्रंपेट व सॅक्सोफोन लक्षावधी श्रोत्यांच्या परिचयाचे आहेत. वादकांची नावे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत.