आरंभीच्या आलिशान मोटारगाड्यांमधील गिअरसंख्या

विसाव्या शतकाच्या आरंभी आलिशान मोटारगाड्यांना तीन गिअर असावेत की चार, हा अभियंत्यांपुढील महत्त्वाचा प्रश्न होता. ब्रिटनमधील रोल्स-रॉईस कंपनीची '४०/५० अश्वशक्ती' किंवा 'सिल्व्हर घोस्ट' ही मोटार याचे ठळक उदाहरण मानले जाते. या गाडीची गिअरसंख्या काही वर्षांतच चारवरून तीन आणि तीनवरून पुन्हा चार झाली.

तांत्रिक पार्श्वभूमी

पेट्रोल इंजिन ठरावीक वेगमर्यादेतच पुरेसा जोर देते. त्यामुळे चढणीवर खालचा गिअर वापरावा लागतो. गिअर अधिक असल्यास रस्त्यानुसार योग्य गिअर निवडता येतो. मात्र त्या काळी गिअर बदलणे कौशल्याचे काम होते. दातांचा वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश यंत्रणा १९२८ मध्ये कॅडिलॅक कंपनीने आणली. तत्पूर्वी इंजिनाचा वेग अंदाजाने जुळवावा लागे आणि अंदाज चुकल्यास दाते करकरत. लुई रेनो यांनी १८९९ मध्ये एकस्व घेतलेल्या थेट गिअरमध्ये शक्ती गिअरपेटीतील दातांच्या जोड्यांतून न जाता सरळ पुढे जाई. म्हणून तो सर्वांत शांत असे. शांत प्रवास हेच आलिशान गाडीचे वैशिष्ट्य असल्याने शक्यतो याच गिअरवर गाडी चालावी, अशी अपेक्षा असे.

चारवरून तीन

सुरुवातीच्या सिल्व्हर घोस्टमध्ये सहा सिलिंडरांचे ७,०३६ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन होते. तिचा तिसरा गिअर थेट, तर चौथा सपाट रस्त्यावरील वेगवान प्रवासासाठी होता. १९०८ मध्ये 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाच्या सिल्व्हर घोस्टने सह्याद्रीचे घाट ओलांडून मुंबई-कोल्हापूर चाचणी स्पर्धा जिंकली. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. १९०९ मध्ये कंपनीने चौथा गिअर काढून टाकला व थेट गिअर सर्वांत वरचा ठेवला. १९११ मध्ये एका सिल्व्हर घोस्टने लंडन-एडिंबरा प्रवास केवळ वरच्या गिअरवर केला. त्यामुळे हा निर्णय योग्य वाटू लागला.

काट्शबर्ग घाट आणि पुनर्विचार

१९१२ च्या आल्प्स पर्वतातील चाचणीत जेम्स रॅडली यांची तीन गिअरांची सिल्व्हर घोस्ट ऑस्ट्रियातील काट्शबर्ग घाटात अडली. इंजिन समर्थ होते. पण तीव्र चढणीवर भरलेली गाडी ओढण्याइतका खालचा गिअर तिच्यात नव्हता. प्रवासी उतरल्यावरच ती पुढे सरकली. १९१३ च्या चाचणीत कंपनीने चार गिअरांच्या गाड्या उतरवल्या व लक्षणीय यश मिळवले. त्यानंतर सिल्व्हर घोस्ट गाड्यांना चार गिअर देण्यात आले. या वेळी चौथा गिअर थेट होता. त्यामुळे सपाट रस्त्यावरील शांतता कायम राहिली आणि घाटासाठी पुरेसा जोर देणारा गिअरही मिळाला.