दूरचित्रवाणीच्या डोंगलमधील रेडिओ: लिनक्सवरील अंकीय ग्राहीचा इतिहास

विसाव्या शतकाचा बहुतेक काळ रेडिओ-ग्राही, म्हणजे रिसीव्हर, हे केवळ विद्युतमंडलांचे यंत्र होते, आणि ज्या कंप्रता व ज्या प्रकारचे प्रसारण यांसाठी ते बांधले जाई, त्यापलीकडचे ग्रहण करणे त्याला शक्य नसे. अँटेनाकडून आलेल्या लहरींचे लवकरात लवकर अंकांत रूपांतर करावे आणि त्यांतून ध्वनी, चित्र वा माहिती वेगळी काढण्याचे काम संगणकावर सोपवावे, ही कल्पना अमेरिकी अभियंते जोसेफ मिटोला यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ या नावाने मांडली. ती आधी लष्करी प्रकल्पांत वाढली. सामान्य अभ्यासकापर्यंत ती पोहोचली ती मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमुळे, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येते अशा सॉफ्टवेअरमुळे.

२००१ मध्ये जॉन गिलमोर यांच्या अर्थसाहाय्याने एरिक ब्लॉसम यांनी ‘ग्नू रेडिओ’ हा प्रकल्प सुरू केला आणि संकेत-प्रक्रियेचे गणिती घटक एकमेकांना जोडून ग्राही तयार करण्याची सोय त्यातून झाली. मॅट एटस यांनी या प्रकल्पाला साजेसे यूएसआरपी हे उपकरण घडवले, परंतु त्याची किंमत शेकडो डॉलरांत असल्याने ते प्रामुख्याने विद्यापीठे आणि प्रयोगशाळांपुरते राहिले.

स्वस्त यंत्राचा मार्ग दुसऱ्याच क्षेत्रातून निघाला. अंकीय दूरचित्रवाणी संगणकावर पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या यूएसबी डोंगलांना उत्पादक बहुधा विंडोजपुरतेच ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि संगणक यांची सांगड घालणारी आज्ञावली, पुरवत. त्यामुळे लिनक्सच्या कार्यकर्त्यांना अनेकदा उपकरण आणि विंडोज यांच्यात होणारी देवाणघेवाण नोंदवून, तिचा अर्थ लावून, स्वतःचे ड्रायव्हर लिहावे लागत. तैवानच्या रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप वापरणाऱ्या डोंगलांच्या बाबतीत ही चिकाटी विशेष फळाला आली. ही चिप दूरचित्रवाणीचा संकेत स्वतः उलगडते, परंतु एफएम ऐकवताना कच्चे अंकीय नमुनेच संगणकाकडे पाठवते, हे फिनलंडचे अंती पालोसारी यांनी २०१२च्या आरंभी दाखवून दिले. त्याआधी एरिक फ्राय यांनीही या डोंगलच्या यूएसबी व्यवहाराचा शोध घेतला होता. मोबाइल दूरसंचाराची मुक्त साधने घडवणाऱ्या ऑस्मोकॉम गटातील स्टीव्ह मार्कग्राफ आदींनी लगोलग ‘आरटीएल-एसडीआर’ ही आज्ञावली सिद्ध केली आणि सुमारे वीस डॉलरांचे डोंगल सर्वसाधारण ग्राही बनले. आर८२०टी ट्यूनर असलेले डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि दर सेकंदाला सुमारे २४ लाख नमुने देते. प्रत्येक नमुन्याचे दोन्ही घटक मात्र केवळ ८ बिटांचे असल्याने दुर्बळ संकेताशेजारी प्रबळ संकेत असला, की डोंगलची मर्यादा उघडी पडते.

यानंतरची अडचण लिनक्सच्याच प्रगतीतून उद्भवली. दूरचित्रवाणीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, समाविष्ट झाल्याने डोंगल जोडताच तो त्याचा ताबा घेई आणि रेडिओच्या आज्ञावलीला उपकरण मिळत नसे. म्हणून तो ड्रायव्हर वर्ज्य यादीत टाकणे आणि सामान्य वापरकर्त्याला उपकरण हाताळण्याची परवानगी देणारा नियम लिहिणे, या दोन पायऱ्या नवशिक्यांच्या परिपाठाचा भाग झाल्या. २०१४च्या ३.१५ आवृत्तीत सॉफ्टवेअर रेडिओसाठी स्वतंत्र व्यवस्था लिनक्सच्या गाभ्यातच आली.

मोठ्या विज्ञानाची वाटही याच दिशेने गेली. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संकेत एकत्र आणण्यासाठी बाजारात मिळणारे संगणक आणि लिनक्स यांवर उभारलेली प्रणाली संशोधकांनी वापरात आणली. विमानांचे १०९० मेगाहर्ट्झवरील संदेश टिपणारा विद्यार्थी आणि दीर्घिकांचा वेध घेणारा शास्त्रज्ञ यांची साधने आकाराने कितीही भिन्न असली, तरी दोघांच्या कामाची रीत आता एकच आहे. उत्पादकाने चिपची माहिती दिली नसतानाही तिचा ग्राही झाला, याचे श्रेय एका व्यक्तीच्या प्रतिभेपेक्षा, प्रत्येकाने आपल्याला उमगलेले पुढच्याला वाचता येईल असे लिहून ठेवण्याच्या परंपरेला अधिक द्यावे लागते.