काखा वर करण्याचा इतिहास

माझे वडील उभ्या आयुष्यात कधी न्हाव्यापुढे हात वर करून बसले नाहीत. गावातल्या सलूनमध्ये दाढी उरकली की गिऱ्हाईक न सांगता सदरा उतरवते, आधी एक हात वर करते, मग दुसरा. न्हावी काखेत साबणाचा हात फिरवतो आणि दोन-चार फटकाऱ्यांत काख साफ करतो. त्यावर कुणी बोलत नाही. हा व्यवहार मी लहानपणी रस्त्याच्या पलीकडून पुष्कळदा पाहिला आहे. आमच्या वाड्यातल्या माणसांना त्या खुर्चीत बसू देऊ लागले, तेव्हा वडिलांना सांगण्यात आले, "दाढी होईल, काखा व्हायच्या नाहीत." वडील "बरं" म्हणाले.

काखेतल्या केसांचा कसला आला आहे इतिहास, असे आमचे विद्वान म्हणतील. त्यांचा इतिहास तहांचा आणि सनदांचा. परंतु ज्यांनी या देशाचे धर्मग्रंथ रचले त्यांना हा विषय क्षुल्लक वाटला नव्हता. तैत्तिरीय ब्राह्मणाच्या पहिल्या कांडात एक कथा आहे. असुरांनी आधी डोक्याचे केस काढले, मग दाढी, मग काखा. म्हणून ते खाली गेले, पराभूत झाले. देवांनी आधी काखा केल्या, मग दाढी, मग डोके. म्हणून ते वर चढले आणि स्वर्गाला पोचले. या कथेत देव आणि असुर यांच्यात फरक कसला? शौर्याचा नाही, दानाचा नाही. वस्तरा दोघांच्याही हाती आहे, काखा दोघांनीही केल्या आहेत. असुर घाणेरडे होते असे कथाकारालाही म्हणता आलेले नाही. फक्त क्रम चुकला! हरलेल्या माणसाच्या अंगावर शोधूनही डाग सापडला नाही की क्रम शोधायचा, ही युक्ती जुनी आहे. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी'त बळीची कथा हरलेल्यांच्या बाजूने वाचायला शिकवले. ही काखेची कथाही तशीच वाचली पाहिजे.

कामसूत्रातला नागरक दर चौथ्या दिवशी हजामत करतो आणि झाकलेल्या काखेतला घाम सतत टिपत राहतो. त्याचे पाणी कोण भरत होते, ते सोडून देऊ.

याच देशात या विषयाचा दुसराही विचार झाला. चुल्लवग्गात गोष्ट येते. छब्बग्गीय भिक्षू 'संबाधा'तले, म्हणजे अंगाच्या झाकल्या जागांवरचे, केस काढवून घेऊ लागले. हे तर भोगी गृहस्थांसारखेच वागतात, अशी लोक कुरकुर करू लागले, आणि बुद्धांनी मनाई केली. पुढे एका भिक्षूला अशाच जागी व्रण झाला. केसांमुळे औषध टिकेना. तेव्हा आजारपणात काढायला हरकत नाही, असे ठरले. भिक्षुणींच्या नियमात 'संबाध' म्हणजे दोन्ही काखा आणि गुह्यभाग, असा अर्थही दिलेला आहे. (भिक्षुणींसाठी हाच दोष अधिक जड मानला गेला, हेही नोंदवले पाहिजे. आपल्या घरातले आपण झाकू नये.) परंतु नियमाची जात पाहा. यात स्वर्ग नाही की पराभव नाही. लोक काय म्हणतात ते ऐकून नियम होतो आणि एका माणसाचा व्रण पाहून तो सैल होतो.

हा विनय राजगृहाच्या पहिल्या संगीतीत कोणी सांगितला? परंपरा सांगते, उपालीने. उपाली शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्रांनी त्याला आपल्या आधी प्रव्रज्या द्यायला लावली, ती आपला अभिमान मोडावा आणि आपण त्याला वंदन करावे म्हणून. वस्तऱ्याविषयीचे नियम संघाने एका न्हाव्याच्या तोंडून ऐकले!

आमच्या गावगाड्यात मात्र उपाली झाला नाही. न्हावी बलुतेदार, महारही बलुतेदार. दोघेही खळ्यावर धान्यासाठी उभे राहणारे. मनूने ज्या शूद्रांचे अन्न चालते म्हणून सांगितले त्यांत न्हावी आहे. चालवून न घेऊन सांगतो कुणाला? त्याचा हात ब्राह्मणाच्या गळ्यापर्यंत जाणार होता. तोच वस्तरा महाराच्या गालाला लागला असता तर पाटलाने त्याचे बलुते तोडले असते. म्हणून एकट्या न्हाव्याच्या माथी हे पाप मारणे मला मान्य नाही. तरीही 1890 साल आठवते. त्या साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही म्हणाले. या घटनेचा मला अभिमान वाटतो आणि तीच मला टोचते. वस्तरा खाली ठेवता येत होता, तर वेशीबाहेर का नेता आला नाही?

त्याच काळाच्या आसपास, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, साताऱ्यात एका सुभेदाराच्या घरी थोरली बहीण धाकट्या भावाचे केस कापत होती. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, घरात द्यायला पैसे नव्हते असेही नाही. त्या भावाने 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ सांगितला. धोब्याच्या दुकानाचे काय, हजामतीच्या सलूनचे काय, असा प्रश्न आला होता. दुकान म्हणजे नुसती आत शिरण्याची मुभा नव्हे, तिथे मिळणारी सेवाही त्यात आली, असे त्यांनी स्पष्ट केले. 1955 साली अस्पृश्यता अपराधाचा कायदाही झाला. पण दाढी करून काख नाकारणाऱ्याची फिर्याद कुठे द्यायची आणि कुठल्या तोंडाने? फौजदारासमोर काय सांगायचे, माझी काख राहिली?

वाड्यात पुरुष एकमेकांची हजामत करीत. माझ्या आजोबांचा हात हलका होता, म्हणून लिंबाखाली रविवारी त्यांच्यापुढे रांग लागे. माणूस पालथा पंजा डोक्यावर ठेवून बसे, आजोबा कातडी ताणून वस्तरा फिरवीत. पैसे नाहीत, विडी एक. पुढे ब्लेड आले आणि रांग संपली. दाढीला बोथट झालेले ब्लेड वडील काखेसाठी ठेवीत आणि न्हाणीच्या दगडावर बसून एकट्यानेच काम उरकीत. डाव्या हाताने उजवी काख करताना हमखास कापे. मराठीत 'काखा वर करणे' म्हणजे जबाबदारी झटकणे. हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना माझी जीभ अडखळते.

गेल्या वर्षी वडिलांना मी कॉलेजच्या गावी घेऊन आलो आणि सलूनमध्ये बसवले. तिथला पोरगा जात विचारत नाही, मोबाईलवर गाणी लावतो. दाढी झाल्यावर तो म्हणाला, "काका, हात वर करा." वडिलांनी दोन्ही हात अंगाशी घट्ट धरले आणि म्हणाले, "राहू दे, घरी करतो."