व्यायामाची नोंदवही कशी ठेवावी? वर्कआउट लॉगमध्ये काय लिहायचं, कसं वाचायचं आणि कुठे जपायचं

व्यायाम सुरू केल्यावर पहिले काही आठवडे उत्साहात जातात. मग आरशात फारसा फरक दिसत नाही, वजनाचा काटा कधी पुढे तर कधी मागे जातो आणि ‘एवढं करूनही काही होत नाही’ असं वाटू लागतं. अनेकांचा व्यायाम इथेच सुटतो. खरं तर याच काळात शरीर हळूहळू बदलत असतं. पहिल्या आठवड्यात ८ बैठकांनी धाप लागत होती आणि आता २० सहज होतात, हा बदल मोठा आहे. पण तो लिहून ठेवलेला नसेल तर लक्षातही येत नाही. व्यायामाची नोंदवही, म्हणजेच वर्कआउट लॉग, यासाठी ठेवतात.

वर्कआउट लॉग म्हणजे नेमकं काय?

केलेल्या व्यायामाची तारीखवार नोंद म्हणजे वर्कआउट लॉग. कोणता व्यायाम केला, किती वजन घेतलं, किती वेळा केला, किती वेळ लागला आणि करताना कसं वाटलं, एवढं त्यात असतं.

वेळापत्रक आणि लॉग यांत अनेकांची गल्लत होते. काय करायचं ठरलं ते वेळापत्रकात असतं, तर प्रत्यक्षात काय झालं ते लॉगमध्ये. ठरवलेल्या ४ दिवसांपैकी २ दिवसच व्यायाम झाला असेल, तर लॉगमध्ये २ दिवसच दिसायला हवेत.

नोंद ठेवल्याने फरक का पडतो?

स्नायूंवर आधीपेक्षा थोडा जास्त भार पडला की ते बळकट होतात. भार तोच राहिला तर काही काळाने प्रगती थांबते. म्हणून भार हळूहळू वाढवत न्यावा लागतो. याला ‘प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड’ म्हणतात. तालमीत जोर-बैठकांचा आकडा टप्प्याटप्प्याने वाढवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

आधुनिक वैद्यकात ही पद्धत रुजवण्याचं श्रेय थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांना दिलं जातं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांचे कमकुवत झालेले स्नायू पूर्ववत करण्यासाठी त्यांनी वजनाचे व्यायाम वापरले आणि १९४५ मध्ये ही पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. रुग्णाला जेमतेम १० वेळा उचलता येईल असं वजन शोधायचं, त्यानुसार व्यायाम द्यायचा आणि ताकद वाढली की वजन वाढवायचं, असा त्याचा गाभा होता. मागचा आकडा माहीत नसेल तर हे करताच येत नाही.

नोंद नसली की दोन चुका होतात. काही जण महिनोन् महिने तेच ५ किलोचे डंबेल उचलत राहतात. काही जण जोशात एकदम खूप वजन वाढवतात आणि खांदा किंवा कंबर दुखावून घेतात.

उत्साह टिकवण्यातही नोंदीचा वाटा असतो. ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकात २०१६ मध्ये १३८ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. स्वतःची प्रगती वरचेवर तपासणाऱ्यांची उद्दिष्ट गाठण्याची शक्यता वाढते, आणि प्रगती लिहून ठेवली किंवा इतरांना कळवली तर हा परिणाम अधिक होतो, असं त्यात दिसलं.

लॉगमध्ये काय लिहायचं?

दोन मिनिटांत संपेल एवढंच लिहावं. नोंद लांबली की कंटाळा येतो आणि आठवड्याभरात वही बंद होते.

- ताकदीचे व्यायाम: व्यायामाचं नाव, वजन, सेट आणि प्रत्येक सेटमधले रेप्स.
- चालणं, धावणं, सायकल: अंतर आणि वेळ.
- सूर्यनमस्कार, योगासनं: संख्या किंवा लागलेली मिनिटं.
- श्रम: १ ते १० पैकी एक आकडा.
- शेरा: झोप, दुखणं, आजारपण, मासिक पाळी, उन्हाळा किंवा दमट हवा, असं त्या दिवशी परिणाम करणारं काही असेल तर एक ओळ.

यातला श्रमाचा आकडा बरेच जण सोडून देतात, पण तो उपयोगी असतो. व्यायाम किती जड वाटला हे आकड्यात सांगण्याची पद्धत स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी विकसित केली. त्यांची मूळ मोजपट्टी ६ ते २० अशी होती. रोजच्या वापरासाठी १ ते १० पुरेसे आहेत. १ म्हणजे अगदी सोपं आणि १० म्हणजे यापुढे एकही रेप शक्य नाही. चालताना किंवा धावताना बोलण्यावरूनही अंदाज येतो. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तेव्हा श्रम मध्यम असतात. दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागला तर श्रम तीव्र असतात.

एका दिवसाची नोंद कशी दिसते?

समजा, घरीच व्यायाम करणाऱ्या एका नवशिक्या व्यक्तीची सोमवारची नोंद अशी आहे:

बैठका: १२, १२, १० (श्रम ७)
पुशअप्स, गुडघे टेकवून: ८, ७, ५ (श्रम ९)
डंबेल रो, ५ किलो: १२, १२, १२ (श्रम ५)
जलद चालणं: २५ मिनिटं, २.२ किलोमीटर (श्रम ५)
शेरा: झोप ५ तास. बैठकांच्या वेळी उजवा गुडघा किंचित दुखला.

या पाच ओळींवरून पुढच्या वेळी काय करायचं ते ठरतं. डंबेल रोचे तिन्ही सेट १२ पर्यंत गेले आणि श्रम फक्त ५ होते, म्हणजे वजन वाढवायची वेळ आली आहे. पुशअप्समध्ये शेवटच्या सेटला ताकद संपली, त्यामुळे तिथे एवढ्यात काही वाढवायचं नाही. ५ चे ६ झाले तरी ती प्रगतीच आहे. गुडघ्याचं दुखणं एकदाच झालं असेल तर लक्ष ठेवायचं. सलग तीन नोंदींत तेच दिसलं तर बैठका थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवायचं.

वजन कधी वाढवायचं याचा एक सोपा नियम आहे. ८ ते १२ रेप्सची मर्यादा ठरवावी. सगळ्या सेटमध्ये १२ रेप्स नीट जमले की पुढच्या वेळी वजन थोडं वाढवावं. रेप्स पुन्हा ८-९ वर येतील, ते हळूहळू १२ पर्यंत न्यावेत.

आठवड्याची बेरीज का करायची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं तीव्र श्रमाचा व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून किमान २ दिवस सर्व प्रमुख स्नायूंसाठी ताकदीचे व्यायाम करावेत.

‘रोज चालतो’ असं म्हणणाऱ्याच्या वहीत आठवड्याचे ३ दिवस आणि दर वेळी २५ मिनिटं निघाली, तर बेरीज ७५ मिनिटांचीच होते, म्हणजे किमान प्रमाणाच्या निम्मी. आपण किती व्यायाम करतो याबद्दलचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांतलं अंतर रविवारी बेरीज केली की कळतं.

वजनाच्या काट्याची नोंद ठेवायची असेल तर तीही आठवड्याच्या सरासरीने पाहावी. पाणी, मीठ आणि जेवणाच्या वेळा यांमुळे शरीराचं वजन एका दिवसात एक-दोन किलोंनी वर-खाली होऊ शकतं. त्याचा चरबीशी संबंध असेलच असं नाही.

वही बरी की ॲप?

जे रोज हाताशी असेल ते बरं. वहीला चार्जिंग लागत नाही आणि लिहिता लिहिता रील्स पाहण्यात वेळ जात नाही. ॲपमध्ये आलेख आपोआप तयार होतात आणि जुनी नोंद शोधणं सोपं जातं. गूगल शीट किंवा फोनमधलं साधं नोट्स ॲपही चालतं.

स्मार्टवॉचचे आकडे मात्र थोडे जपून घ्यावेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावर बांधायची ७ उपकरणं तपासली. बहुतेकांनी हृदयाचे ठोके बऱ्यापैकी अचूक मोजले. खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के होती. त्यामुळे ‘घड्याळाने ४०० कॅलरी दाखवल्या’ म्हणून तेवढं जास्त खाणं योग्य नाही.

रोज १०,००० पावलांचा आकडाही असाच तपासून घ्यावा. जपानमध्ये १९६५ च्या सुमारास बाजारात आलेल्या पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून तो प्रचलित झाला. ध्येय म्हणून तो वाईट नाही, पण ७,००० पावलं झाली म्हणून दिवस वाया गेला असं मुळीच नाही.

लॉग सोशल मीडियावर टाकावा का?

प्रगती इतरांना कळवल्याने व्यायाम टिकायला मदत होते. पण त्यासाठी सार्वजनिक पोस्टच हवी असं नाही. दोन-तीन मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुपही पुरतो. सार्वजनिक पोस्टमध्ये एक धोका असतो. लाइक्स मिळवण्यासाठी झेपत नसलेलं वजन उचललं जातं आणि वाईट दिवसांची नोंद गाळली जाते. मग तो लॉग पुढचा निर्णय घेण्यासाठी उपयोगाचा राहत नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. धावणं आणि सायकलिंग नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपने वापरकर्त्यांच्या मार्गांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यातून काही लष्करी तळांच्या जागा आणि तिथले वापरातले रस्ते दिसत असल्याचं जानेवारी २०१८ मध्ये उघड झालं. सामान्य माणसाच्या बाबतीत रोजचा मार्ग घराच्या दारापासून सुरू होतो आणि वेळही ठरलेली असते. म्हणून नकाशा शेअर करण्यापूर्वी ॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन मार्गाची सुरुवात आणि शेवट लपवावा.

एखादा दिवस चुकला तर?

सवय २१ दिवसांत लागते असा समज आहे. लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मध्यमान ६६ दिवस लागले. व्यक्तीनुसार हा अंदाज १८ ते २५४ दिवस असा बदलत होता. महत्त्वाची बाब म्हणजे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही.

त्यामुळे चुकलेल्या दिवसापुढे ‘ताप’, ‘ओव्हरटाइम’, ‘लग्न’ असं कारण लिहावं आणि पुढे जावं. महिन्याने पाहिल्यावर दर गुरुवारी व्यायाम चुकतोय असं दिसलं, तर दोष इच्छाशक्तीचा नसून गुरुवारच्या वेळापत्रकाचा असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी दिवस बदलावा.

नोंद कधी त्रासदायक ठरते?

आकडा तुटू नये म्हणून तापात किंवा दुखापतीत व्यायाम होऊ लागला, विश्रांतीच्या दिवशी अपराधी वाटू लागलं किंवा प्रत्येक घासाचा हिशेब व्यायामाशी जोडला जाऊ लागला, तर नोंद काही दिवस थांबवावी. तरीही ही भावना गेली नाही तर डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोलावं. विश्रांतीचा दिवसही वहीत ‘विश्रांती’ असाच लिहावा, कारण स्नायूंची दुरुस्ती विश्रांतीतच होते.

हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम सुरू करावा आणि तपासणीला जाताना वही सोबत न्यावी. छातीत दुखणं, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर व्यायाम लगेच थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

महिन्यातून एकदा वही वाचायची

लिहिलेलं पुन्हा वाचलंच नाही तर नोंदवहीचा उपयोग निम्माच होतो. महिन्याच्या शेवटी दहा मिनिटं काढून तीन गोष्टी पाहाव्यात: कोणता आकडा वाढला, कोणता महिनाभर हललाच नाही आणि कोणतं दुखणं पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं. पहिल्याने हुरूप येतो, दुसऱ्यावरून पुढच्या महिन्यात काय बदलायचं ते कळतं आणि तिसऱ्यामुळे दुखापत वाढण्याआधी सावध होता येतं. सुरुवात करायला खास वही लागत नाही. आजची तारीख, एक व्यायाम आणि एक आकडा एवढं लिहिलं तरी पहिली नोंद झाली.