एरर ०१ची पूर्वपीठिका

कॅननच्या डिजिटल कॅमेऱ्यावर काम करणाऱ्या छायाचित्रकाराला एक सूचना पाठ असते. शटरचे बटण दाबले की फोटोऐवजी पडद्यावर ‘एरर ०१’ उमटते आणि खाली मजकूर येतो की कॅमेरा आणि लेन्स यांच्यातला संवाद सदोष आहे, लेन्सचे कॉन्टॅक्ट पुसावेत. पुसून काम भागले तर प्रश्न मिटतो. पण पुष्कळदा दहा वेळा पुसूनही सूचना हटत नाही आणि धडधाकट दिसणारी लेन्स कपाटात जाते. अशा बिघाडाचे निदान करायला पुसायच्या फडक्याइतकाच माउंटचा, म्हणजे लेन्स आणि बॉडी यांच्या जोडाचा, इतिहास उपयोगी पडतो, असे माझे मत आहे. लेन्सने कॅमेऱ्याला काय सांगायचे, कोणत्या वाटेने सांगायचे आणि ती बोली कोणाच्या मालकीची, या प्रश्नांची उत्तरे गेल्या शतकात बदलत गेली, आणि त्यांबरोबर बिघाडाची जागाही बदलत गेली. पडद्यावरची सूचना त्यातली एकच जागा दाखवते.

सुरुवातीला सांगण्यासारखे काही नव्हतेच. लायकाच्या ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांच्या माउंटमध्ये लेन्स घट्ट पिळली, आणि माउंटपासून फिल्मपर्यंतचे २८.८ मिलिमीटर अंतर नेमके राहिले, की काम झाले. १९३२च्या लायका २ मध्ये अंतरमापक लेन्सशी जोडला गेला. लेन्सच्या मागचा उंचवटा कॅमेऱ्यातली एक दांडी ढकलतो आणि विषय किती दूर आहे ते त्या हालचालीतून कळते. लेन्सने बॉडीला दिलेला हा पहिला निरोप म्हणता येईल, आणि तो लोखंडाने लोखंडाला दिला होता. पुढे रिफ्लेक्स कॅमेऱ्यांच्या ४२ मिलिमीटर आट्यांच्या माउंटमध्ये निरोपाची दिशा उलटली. शटर दाबताच बॉडीतली पट्टी लेन्सची पिन दाबते आणि ॲपर्चरची पाती मिटतात. पण नेमके कोणते ॲपर्चर निवडले आहे, हे बॉडीला अजून कोणी सांगत नव्हते, कारण तोवर तिला ते कळण्याची गरज नव्हती.

गरज निर्माण केली प्रकाशमापकाने. लेन्समधून येणारा प्रकाश मोजायचा, तोही ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून, म्हणजे नजरेसमोरचे चित्र उजळ राहील. मग फोटो घेताना पाती किती मिटणार आहेत, हे मापकाला आधी ठाऊक हवे. १९५९च्या निकॉन एफच्या लेन्सवर ॲपर्चर रिंगला एक दुबेळके जोडलेले असे आणि मापकाची खुंटी त्यात अडके. १९६८च्या फोटोमिक एफटीएन मापकाबरोबर एक विधीच आला. रिंग एफ ५.६ वर ठेवून लेन्स बसवायची, मग रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायची. या फिरवण्यातून मापकाला कळे की या लेन्सचे कमाल ॲपर्चर किती. आजच्या कॅमेऱ्यात लेन्स बसताक्षणी जी ओळखपाळख तारेवरून होते, तीच त्या काळी छायाचित्रकार मनगटाने करून देत होता. तो विसरला, आणि एफ १.४ ची लेन्स काढून एफ ३.५ ची चढवली, तर मापक जुन्याच लेन्सच्या हिशेबाने बोले आणि अडीच स्टॉपहून अधिक चूक पडे. १९६९ साली ड्रेस्डेनच्या पेन्टाकॉनने प्राक्टिका एलएलसी बाजारात आणला. त्याच्या लेन्समध्ये बदलता रोध होता आणि माउंटवर तीन विद्युत कॉन्टॅक्ट. ॲपर्चरचा आकडा प्रथमच तारेवरून बॉडीत गेला. एरर ०१ची वंशावळ लिहायची तर मूळपुरुष म्हणून या पूर्व जर्मन कॅमेऱ्याचे नाव लिहावे लागेल, आणि त्याचा उल्लेख इतक्या क्वचित व्हावा याचे मला वाईट वाटते.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लोखंडी दांड्यांचा काळच बरा होता, तेव्हा असले संवादाचे बिघाड नव्हते, असे जुने जाणकार म्हणतात. बिघाड होते, फक्त ते बोलत नव्हते. अंतरमापकाचा उंचवटा किंचित झिजला की फोटो अस्पष्ट येई, आणि हे फिल्म धुतल्यावर कळे. निकॉनने १९७७ मध्ये एआय पद्धत आणून मनगटाचा विधी संपवला आणि रिंगच्या कडेच्या खाचेनेच निरोप देण्याची सोय केली. पण जुनी, न कापलेली रिंग नव्या बॉडीवर चढवली तर अनेक मॉडेलांमध्ये बॉडीची नाजूक पट्टी मोडायची भीती असे. रिकोच्या काही लेन्सना तर एक जास्तीची पिन होती. तीच लेन्स पेन्टॅक्सच्या ऑटोफोकस बॉडीवर लावली की ती पिन फोकसच्या स्क्रूसाठी असलेल्या छिद्रात जाऊन बसे आणि लेन्स निघेनाशी होई. दोन्ही कंपन्या एकच के माउंट वापरत होत्या, तरीही. तेव्हा यंत्राचा काळ निर्दोष नव्हता. एक गोष्ट मात्र त्या बाजूने मान्य केलीच पाहिजे: ते बिघाड डोळ्यांना दिसत आणि हाताने दुरुस्त होत. जुन्या निकॉन लेन्सची रिंग कानशीने घासून एआय करणारे कारागीर होते आणि खुद्द निकॉननेही बदली रिंगा पुरवल्या. निरोप धातूच्या आकारात लिहिलेला होता, आणि तो ज्याला डोळे आहेत त्याला वाचता येत होता.

हे वाचन बंद पडले ते १९८५ ते १९८७ या दोन वर्षांत. १९८५च्या मिनोल्टा ७००० मध्ये ऑटोफोकसची मोटर बॉडीत होती आणि लेन्समधली चिप आपली माहिती कॉन्टॅक्टवरून देत होती, तरी फोकसचा स्क्रू आणि ॲपर्चरची दांडी लोखंडीच राहिली होती. मार्च १९८७ मध्ये कॅननने ईओएस ६५० आणला आणि उरलेल्या दांड्याही काढून टाकल्या. ५४ मिलिमीटर व्यासाच्या नव्या ईएफ माउंटमध्ये हलणारा एकही जोड नाही. फोकसची मोटर लेन्समध्ये, ॲपर्चर मिटवणारी मोटरही लेन्समध्ये, आणि मधे फक्त सोन्याचा मुलामा दिलेले कॉन्टॅक्ट. मोटरची वीज वेगळ्या वाटेने जाते, चिपची वेगळ्या वाटेने, आणि संदेशांची देवाणघेवाण अंकांच्या माळेने होते. कॅननच्या आधीच्या एफडी माउंटच्या लेन्स असलेल्यांचा संताप झाला, आणि तो समजण्यासारखा होता. एफडीचे माउंट-फिल्म अंतर ४२ मिलिमीटर, ईएफचे ४४. या २ मिलिमीटरच्या फरकामुळे मधे भिंग घातल्याशिवाय जुनी लेन्स दूरवर फोकस होईना. तरीही निर्णय दूरदृष्टीचा ठरला. १९८७ची ईएफ लेन्स २०१८च्या ईओएस आर बॉडीवर ॲडॅप्टर लावून आजही फोकस करते. उलट, बॉडीतल्या मोटरने फिरणारी निकॉनची एएफ लेन्स झेड बॉडीवर निकॉनच्याच एफटीझेड ॲडॅप्टरने लावली तर ऑटोफोकस होत नाही, कारण ॲडॅप्टरमध्ये तो स्क्रू फिरवणारी मोटर नाही.

आता बिघाडाकडे वळू. ईएफ लेन्सचे ॲपर्चर फोटोच्या क्षणापर्यंत पूर्ण उघडे असते. मिटण्याची आज्ञा शटर दाबल्यावरच जाते. निदानाची किल्ली याच रचनेत आहे. लेन्स सर्वांत मोठ्या ॲपर्चरवर ठेवून फोटो घ्यावा. तो नीट आला आणि एफ ८ वर सूचना आली, तर ओळखावे की कॉन्टॅक्ट शाबूत आहेत आणि बिघाड आत, ॲपर्चरच्या मोटरमध्ये किंवा तिच्याकडे जाणाऱ्या चपट्या केबलमध्ये आहे. झूम लेन्समध्ये ही केबल प्रत्येक वेळी दुमडते आणि उलगडते. काही वर्षांनी तिच्यातली एखादी वाट तडकते. म्हणूनच अशा लेन्सचा बिघाड कधी कधी विशिष्ट झूमवरच प्रकटतो. दोन्ही ॲपर्चरवर सूचना आली, तर मात्र कॉन्टॅक्ट, स्प्रिंगवरच्या पिना, माउंटचे सैल स्क्रू आणि मधे लावलेले टेलिकन्व्हर्टर यांच्याकडे बघावे. दुसरी लेन्स याच बॉडीवर आणि हीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावून पाहिली की दोष कोणाचा ते ठरते. मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत कॉन्टॅक्टवर थर बसणे स्वाभाविक आहे. पण सोने गंजत नाही, त्यावर बसतो तो बोटांचा तेलकटपणा आणि धूळ. मऊ फडके आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याला पुरते. खोडरबर घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो तो चुकीचा आहे, कारण त्याने मुलामाच झिजतो आणि खालचा धातू हवेला उघडा पडतो.

सिग्मा या स्वतंत्र लेन्स-उत्पादकाच्या, फिल्मच्या काळातल्या काही जुन्या ईएफ माउंटच्या लेन्स डिजिटल बॉडीवर लावल्या की अगदी हेच लक्षण दिसते: पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोटो येतो, मिटवायला गेले की एरर. इथे केबल तुटलेली नसते, कॉन्टॅक्ट मळलेले नसतात, मोटर चालू असते. कॅननने आपली संदेशभाषा प्रसिद्ध केली नव्हती. सिग्मा ती कॅमेरा आणि लेन्स यांच्यातले संदेश ऐकून शिकली होती, आणि नव्या बॉडीचे बोलणे जुन्या चिपला कळेना. सिग्माने अनेक लेन्सना नव्या चिप बसवून दिल्या. फार जुन्या लेन्सना त्याही मिळेनाशा झाल्या. लक्षण एकच, पण एका ठिकाणी तार तुटली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी समजूत. दुसरा दोष कोणत्याही कारागिराच्या हाताने दुरुस्त होणार नाही, आणि पडद्यावरची सूचना या दोहोंत फरक करत नाही. अंतरमापकाची दांडी वाचणारा माणूस इथे येऊन थांबतो.

यावर उत्पादकांच्या बाजूने म्हटले जाते की भाषा ज्याने घडवली तिच्यावर त्याचा हक्क आहे, आणि ती बंद ठेवली म्हणूनच तीस वर्षे एकसंध राहिली. हक्क मी नाकारत नाही; एकसंधतेचे श्रेय तर वर दिलेच आहे. पण भाषा वाटून घेतली की ती बिघडते, याला पुरावा नाही. मायक्रो फोर थर्ड्स ही २००८ पासून अनेक उत्पादकांची सामाईक पद्धत आहे. सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्ये इतर उत्पादकांना विनाशुल्क देऊ केली. लायका, पॅनासोनिक आणि सिग्मा २०१८ मध्ये एल माउंटसाठी एकत्र आले. कॅननने स्वतः २०२२ मध्ये आपल्या नव्या आरएफ माउंटच्या परक्या ऑटोफोकस लेन्सना पेटंटचा आधार घेऊन अडवले होते. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांनी परवान्याने बनवलेल्या आरएफ लेन्स जाहीर झाल्या. परवाना मिळाला की अंदाज बांधावा लागत नाही, आणि अंदाजातून जन्मलेला एरर तिथे उद्भवत नाही.

परवाना मात्र नव्या लेन्सना मिळतो. ज्या लेन्सची सेवा कंपनीने बंद केली, जिचे सुटे भागही संपले, तिची संदेशभाषा तरी कंपन्यांनी खुली करावी, अशी माझी मागणी आहे. १९७७ मध्ये निकॉनने जुन्या ग्राहकांसाठी बदली रिंगा काढल्या होत्या.