वेड्यांच्या इस्पितळातला एक रकाना

श्रोतेहो, गावात कुणाचे डोके फिरले, तर ते कशाने फिरले हे आपण किती झटकन सांगून मोकळे होतो! "गांजा ओढत होता ना, मग दुसरे काय होणार?" एवढे म्हटले की चौकशी संपली.

अशा झटपट निकालातला धोका कोल्हापूरकरांना तरी सांगायला नको. १८७१ साली दत्तक आलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून इंग्रज सरकारने १८८२ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेऊन ठेवले. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. त्यांचे वेड खरे किती आणि छळाने आलेले किती, हा वाद पुढे चालतच राहिला. त्याच प्रकरणात छापलेल्या मजकुरापायी टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

पुढे दहा वर्षांनी, १८९३ साली, सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने देशभर फिरून ११९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले. वेड्यांच्या इस्पितळांच्या वह्यांत १८९२ सालच्या २२२ रोग्यांपुढे 'कारण : गांजा-भांग' असे लिहिलेले होते. आयोगाने एकेका रोग्याची मागची हकीकत काढली, तेव्हा जेमतेम ९८ जणांच्या बाबतीतच ते कारण टिकले! मग बाकीच्यांचे काय? रोग्याबरोबर कागद यायचा पोलिसांकडून. कारणाचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, म्हणून ऐकीव गोष्ट त्यात भरली जाई. माणूस बैरागी दिसला, की गांजा ठरलेलाच!

म्हणून गांजा निर्दोष ठरला का? मुळीच नाही. बेताचे सेवन बहुधा बाधत नाही, पण अतिरेक बाधतो, असे आयोगाने म्हटले. कोवळ्या वयातल्या व्यसनाने मनोविकाराचा धोका वाढतो, हे आता दिसून आले आहे. १९८५ च्या कायद्याने गांजाला बंदीही आहे. उलट, याच झाडातल्या एका द्रव्यापासून मुलांच्या अवघड फेफऱ्यावर औषध तयार झाले. भास घडवणाऱ्या अळंब्यांतले द्रव्य खोल उदासीवर उपयोगी पडते का, याच्या चाचण्या परदेशांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहेत. घरी करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे.

गुरुजनहो, ही हकीकत वर्गात जरूर सांगा. आणि शेजारच्या घरात कुणाचे मन बिघडले, तर त्याच्यापुढचा रकाना आपण भरू नका. त्याला डॉक्टरकडे न्या.