साहेबाचे कट्टे : विजयदुर्ग, हेलियम आणि एक चुकलेली तारीख

१) सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर काही जुने चौथरे आहेत. त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. दरवर्षी १८ ऑगस्टला येथे हेलियम दिवस साजरा होतो आणि हेलियमचा शोध याच किल्ल्यावर लागला, असे अभिमानाने सांगितले जाते. कट्टे खरे आहेत, साहेबही खरा आहे. तारीख मात्र दुसऱ्या ठिकाणची आहे.

२) १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली भारतावरून गेली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातील रेषा इतक्या तेजस्वी होत्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या त्यांना पुन्हा दिसल्या. याच ग्रहणासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात उतरले होते.

३) नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी तेथूनच, ग्रहणाविना, सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातील एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांजवळ असूनही त्यांच्याशी जुळत नव्हती. पुढील अभ्यासातून ती अज्ञात मूलद्रव्याची असल्याचे मत पुढे आले. सूर्याच्या ‘हेलिओस’ या ग्रीक नावावरून त्या द्रव्यास हेलियम म्हटले गेले. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना ते पृथ्वीवरील एका खनिजात सापडले आणि वाद मिटला.

४) लॉकियर ग्रहणासाठी भारतात आले ते १८७१ च्या डिसेंबरात, आणि तेही केरळच्या किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यावर. विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या वेळी हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे होत आली होती. म्हणजे कट्टे शोधाचे नव्हेत. पण त्यांची स्वतःची कथा त्याहून उणी नाही.

५) खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्या वेळात जड कॅमेऱ्यांनी सूर्याच्या वातावरणाचा वर्णपट टिपायचा, तर उपकरणे तसूभरही हलता कामा नयेत. म्हणून पक्के चौथरे लागत. शिवाय माणसे लागत. काच बदलणारा एक, सेकंद मोजणारा दुसरा, प्रभामंडलाचे रेखाटन करणारा तिसरा.

६) ही माणसे शास्त्रज्ञ नव्हती. ‘मेल्पोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील अधिकारी आणि खलाशी किल्ल्यावर उतरले. आकाशनिरीक्षण ज्यांचा व्यवसाय नव्हता, अशांच्या हातांवर ती दोन मिनिटे सोपवली गेली. त्यासाठी आधी कवायतीसारखा सराव झाला.

७) सावली पुढे ईशान्येस सरकली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सज्ज होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथेच होते. पुढे निजामाच्या राज्यातील मराठवाडा ओलांडून ती वऱ्हाडात शिरली. तेथे तळणी येथे ॲनी माँडर यांनी प्रभामंडलाचा दूरवर पसरलेला झोत छायाचित्रात पकडला. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, पट्ट्याच्या उत्तरेस राहिले. तेथे ग्रहण खंडग्रासच होते.

८) तो काळ प्लेगचा होता. रँडच्या वधाला सात महिने झाले होते आणि टिळक तुरुंगात होते. बहुसंख्य लोकांसाठी ग्रहण म्हणजे वेध पाळणे, स्पर्श-मोक्षाचे स्नान आणि गल्लीतून येणारी ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ही हाक. किल्ल्यावर परदेशी खलाशाच्या हाती घड्याळ आले. गावातल्या माणसाच्या हाती ते आल्याचे चित्र क्वचितच दिसते. नायगमवालांचे जेऊरला असणे म्हणूनच मोलाचे आहे.

९) मग चुकीच्या तारखेने बिघडते काय? १८ ऑगस्ट हा गुंटूरचा दिवस आहे. तो विजयदुर्गाला जोडला, की जान्सेन पुसले जातात आणि १८९८ ची मोहीमही विस्मरणात जाते. शिवाय ऑगस्टात कोकणचे आभाळ पावसाने भरलेले असते. त्या दिवशी किल्ल्यावर आलेल्या मुलांना भाषणे ऐकता येतात, सूर्य दिसण्याची खात्री नसते.

१०) विजयदुर्गाचा स्वतःचा दिवस २२ जानेवारी आहे. त्या सुमारास कोकणचे आकाश बहुधा निरभ्र असते. त्या दिवशी याच कट्ट्यांवर सौरगाळणी बसवलेली दुर्बीण ठेवता येईल, एका मुलाला सेकंद मोजायला आणि दुसऱ्याला सूर्यावरील डाग रेखाटायला बसवता येईल. १८९८ मध्ये या किल्ल्यावर नेमके हेच झाले होते. फक्त ती कामे करणारे हात येथले नव्हते.